पडद्याचं अस्तर

हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघतं आहे. माझ्या लेकीला, वंदनाला, हे ठाऊक नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं ते, माझे मालक, आत्ता पुढच्या खोलीत बसून कुणाच्या तरी पँटची चेन बदलताहेत. त्यांना तर नाहीच नाही.

तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे शब्द घशातच राहतात. इतकी वर्षं राहिलेच की.

गोष्ट ऐकायला लहान वाटेल. एका पडद्याची आहे. दिवाळीला घर नीट दिसावं म्हणून एका बाईनं दाराला पडदा लावला—यात काय सांगण्यासारखं? मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं होतं.

आमचं घर वरवट बकाल या गावात, बाजाराच्या रस्त्याला लागून. पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागची म्हणजे घर. मालक शिंपी. सारं गाव त्यांना मास्तर म्हणतं, लग्न होऊन आले तेव्हापासून मीही मास्तरच म्हणते. शर्ट, पँट, कुर्ता, पायजमा, सगळं मर्दानी काम. मी काज करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. कापड बेतायचं काम मात्र त्यांचं एकट्याचं. टेबलावर कापड पसरून खडूच्या दोन-चार रेघा ओढायचे आणि कात्री घालायचे. कात्री कुठं अडखळायची नाही. मी हातातली सुई थांबवून बघत राहायची. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी बघायची.

आणि एक सवय होती त्यांची. गिऱ्हाइकासमोर कापड मोजायचं, किती भरलं ते मोठ्यानं सांगायचं, आणि कपडा शिवून झाला की उरलेलं कातरण—अगदी बोटभर चिंधी का असेना—पुडी बांधून परत द्यायचं. "माणूस कापड देते म्हणजे भरोसा देते," असं म्हणायचे. दुसरे शिंपी हसायचे त्यांना. मी कधी हसले नाही. मला अभिमानच होता.

म्हणून तर सांगायला इतका वेळ लागतो आहे.

त्या वर्षी उन्हाळ्यात वंदनाचं लग्न झालं, अकोल्याला दिली. तिची पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण आमच्याकडे. जावई येणार हे ठरलेलंच होतं. पण वसुबारसेच्या आधी तिचा फोन आला, आवाज अगदी खाली, पलीकडं कुणी ऐकू नये असा. "आई, सासूबाई बी येऊन राह्यल्या. जास्त काही नोको करू. फक्त मधल्या दाराले पडदा लावजो व तेवढा."

मला राग नाही आला. लेकीला माहेरची लाज वाटते, असंही मनात आलं नाही. मला फक्त ती भीती ऐकू आली. नव्या घरात पाय टाकलेल्या पोरीची भीती, की आपल्या माणसांना कुणी हलकं समजू नये. मी पण एकदा तशीच होते ना.

लग्नानं हात रिकामे झाले होते. आणि दिवाळीच्या तोंडावर शिंप्याचं घर म्हणजे दुसऱ्यांच्या कपड्यांचं गोदाम. साऱ्या गावाला नवं नेसवून झालं की मग आपल्या घराकडं बघायचं. पण त्या वर्षी मी थांबले नाही. चुन्यात नीळ कालवून दोन्ही खोल्या स्वतः मारल्या. उंबऱ्याला आणि ओट्याच्या कडेला गेरू दिला. दोऱ्याची रिकामी रिळं घरात पोतंभर पडलेली. शेजारच्या पेंटरकडे देवळाच्या कळसाचा सोनेरी रंग उरला होता, तो मागून आणला, एकेक रीळ रंगवलं, मधे वंदनाच्या जुन्या माळांचे मणी ओवले आणि दाराला तोरण केलं. लांबून पितळेचं वाटायचं, खरंच. मास्तरांनी कामातून वेळ काढून कामट्यांचा कंदील बांधला, पतंगाच्या कागदाचा, लाल आणि पिवळा. कपाशी फुटलेली होती. ओळखीच्या एका शेतातून बोंडं फुटलेल्या दोन फांद्या मागून आणल्या आणि आईनं दिलेल्या पितळी लोट्यात उभ्या केल्या. पांढरा कापूस, निळसर भिंत, पिवळा लोटा. मी दोनदा बाहेर जाऊन, परक्या माणसासारखी आत येऊन बघितलं. छान दिसत होतं हो. काही विकत न आणता इतकं छान.

राहिला पडदा.

वंदनाच्या बारशाला माझ्या भावानं पोपटी साडी घेतली होती. काठ अजून झगझगीत, पण अंग विरलेलं. ती दुहेरी करून पडदा शिवला, लावला, आणि आतला दिवा लावून दुकानात येऊन उभी राहिले. सगळं दिसत होतं. गॅस, भांड्यांची मांडणी, पत्र्याची पेटी, दोरीवरचे कपडे, सगळं पाण्यातून दिसावं तसं. उलट पडदा नसता तर इतकं डोळ्यांत भरलं नसतं. मधे काहीतरी घट्ट विणीचं पांढरं घालायला हवं होतं. घरातल्या चादरी बघितल्या. एकीला भोकं, दुसरीवर हळदीचे डाग, ते पोपटीतून दिसायचे.

मास्तर त्या दुपारी बटणं आणि कॉलरचं कॅनव्हास आणायला शेगावला गेले होते.

आणि दुकानातल्या फळीवर रशीदचाचांचं कापड होतं.

रशीदचाचांचं सायकलचं दुकान आमच्या अगदी समोर, पंक्चर काढतात, चाकं सरळ करतात. त्यांची मुलगी नर्स झाली, खामगावला लागली, आणि पहिल्या पगारातून तिनं बापासाठी कुर्ता-पायजम्याचं कापड आणलं. पांढरंशुभ्र, मोठ्या पन्ह्याचं, हातात धरलं की सुळकन घसरणारं. चाचा ते घेऊन आले तेव्हा दोन्ही हातांवर ठेवून आणलं होतं. त्यांच्या पुतण्याचं लग्न दिवाळीनंतर होतं, म्हणून घाई नव्हती. मास्तरांनी त्यांच्यासमोर मोजलं आणि म्हणाले, "चाचा, कुर्ता-पायजमा होऊन बी उरते यातलं."

उरते. तो एक शब्द मी ऐकून ठेवला होता.

चाचा त्या वेळीही समोरच बसले होते, चाकाला हवा भरत. रस्ता ओलांडून गेले असते आणि म्हटलं असतं, चाचा, तुमच्या उरलेल्यातला मीटरभर तुकडा द्या—तर नाही म्हणाले असते का? हसून दिला असता. मग का नाही गेले? कारण मग सांगावं लागलं असतं, की लेकीची सासू येते आहे आणि माझ्या पडद्यातून माझा संसार दिसतो आहे. तेवढं सांगायची लाज वाटली. मागायची लाज वाटली, घ्यायची नाही वाटली. बघा, माणसाची लाज कुठं असते आणि कुठं नसते.

मी मास्तरांची मोठी कात्री घेतली. आडवं धरून मीटरभर कापलं. उरलेलं कापड होतं तशाच घड्या घालून, तसंच कागदात गुंडाळून, फळीवर ठेवलं. तुकडा साडीच्या दोन पदरांच्या मधे घातला आणि चारी बाजूंनी शिवण घालून टाकली. आत काय आहे ते कुणाला दिसणार नाही, अशी.

संध्याकाळी मास्तर आले. पडदा बघून दारातच थांबले. "वा! भारीच झालं की व. अस्तर कायचं टाकलं?"

"जुन्या चादरीचं," मी म्हटलं.

किती सहज निघालं ते. सुईतून दोरा जावा तसं.

विहीणबाई आल्या. मी उगाच घाबरले होते. साधी बाई, मनानं मोकळी. कापसाच्या फांद्यांजवळ उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "हे तं आमच्या अकोल्यात मोठमोठ्या बंगल्यात बी पाह्यलं नाई." तोरणातली रिळं ओळखली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. पडद्याच्या काठावरून हात फिरवून म्हणाल्या, "शिंप्याचं घर आहे, हे लपत नाई." वंदनानं माझ्याकडं बघितलं. तिचे खांदे, आल्यापासून आवळलेले, तेव्हा खाली आले. त्या दिवशी आमचं घर जितकं सुंदर दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं. आणि मी सुखात होते. हेही सांगायला हवं. मला टोचलं वगैरे काही नाही.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. मग मास्तरांनी चाचांचं कापड बेतायला काढलं.

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. मधल्या काळात चाचांनी रस्त्यातच मास्तरांना सांगून ठेवलं होतं, उरलेल्यात नातवालाही एक कुर्ता बसवा, लग्नात दोघं सारखे दिसू. ठाऊक असतं तर कापलं नसतं का? असं म्हणून मोकळं व्हायला मला आवडेल. पण पडद्याला ते कापड हवंच होतं, आणि मी त्या दुपारी कशी होते ते मला आठवतं. कापलंच असतं.

मी आत कणीक मळत होते. टेबलावर टेप सरकल्याचा आवाज आला. परत आला. मग हाक आली, "अवं, इकडं ये बरं. हे किती भरते, पाह्य."

मी पिठाच्या हातानं टेप वाचला. सांगितलं.

"मंग मी चाचाले काय सांगितलं होतं?"

"मले काय मालूम," मी म्हटलं.

त्यांना त्याच वर्षी चष्मा लागला होता. त्यांनी तो काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला आणि कापडाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माह्यंच मोजाचं चुकलं."

माझ्याकडं संशयानं बघितलंसुद्धा नाही. घरात दोनच माणसं, कापड फळीवर, एकजण गावाला गेलेला. कुणालाही आलं असतं मनात. त्यांच्या नाही आलं. "तू तं नाई घेतलं?" एवढं जरी विचारलं असतं तरी मी बोलले असते, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं. म्हणजे काय? त्यांनी विचारलं नाही हा त्यांचा गुन्हा? पडदा माझ्या पाठीशी होता. वाऱ्यानं हलत होता. मी परत कणकेकडं गेले.

ते रस्ता ओलांडून चाचांकडं गेले. मी दारातून बघत होते. मास्तर मान खाली घालून बोलत होते आणि चाचा त्यांच्या खांद्यावर थोपटत होते. "मास्तर, एवढं काहून मनावर घेता यार? लेकरू आहे, त्याले कोनतं बी कापड चालते," असं म्हणाले, हे मला मास्तरांनीच येऊन सांगितलं. नातवाच्या कुर्त्यासाठी मास्तरांनी पदरचं पांढरं कापड आणलं. मिळतंजुळतं होतं, पण तेच नव्हतं. लग्नाच्या मांडवात आजा-नातू शेजारी उभे होते. दोघांनी कपडे कौतुकानं घातले होते. उन्हात दोन पांढरे वेगळे दिसत होते. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मास्तर मात्र जेवताना सारखे तिकडंच बघत होते, आणि मी त्यांच्याकडं.

पडदा मी पुढं उसवला. तो तुकडा काढून एका गोधडीच्या थरात घातला आणि वरून टाके घातले. थंडीत ती गोधडी मास्तरच पांघरतात.

इथपर्यंत गोष्ट कापडाची झाली. इथं थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, जाऊ द्या बाई, एवढ्यासाठी काय जिवाला लावून घ्यायचं. पण मी खरं ते अजून सांगितलेलंच नाही. त्याच्या कडेकडेनंच फिरते आहे.

मास्तर दोनदा मोजायला लागले. मग तीनदा. मग गिऱ्हाइकाला म्हणायला लागले, "थांबा, हिले बलावतो." ते टेपचं एक टोक धरायचे, दुसऱ्या टोकाशी मी वाचायची. पुढं खडूची रेघ ओढली की विचारायचे, "बरोबर आहे ना व?" मग मला शिकवायलाच लागले. कापडाचा उभा धागा कसा ओळखायचा, खांद्याचा उतार कसा द्यायचा, काखेत किती सोडायचं. टेबलाच्या एका बाजूला ते, शेजारी मी. चहा तिथंच व्हायचा. इतकी वर्षं मी कोपऱ्यात बटणं लावत बसले होते आणि ते एकटे, गप्प, आपल्या कामात असायचे. वाईट वागले नाहीत कधी. पण त्या टेबलाशी माझी जागा नव्हती. आता होती.

आणि मला ते आवडलं.

हेच ते. मला आवडलं. "हिले विचारतो" हे ऐकायला मी कान देऊन बसायची. त्यांचा हात थबकला की मी हातातली सुई आधीच खाली ठेवायची, आता मला हाक मारतील म्हणून. मी खरं बोलले असते तर त्यांचा हात परत पहिल्यासारखा चालला असता, आणि मी परत कोपऱ्यात गेले असते. हे मी शब्दांत कधी मनाशी बोलले नाही. पण ठाऊक होतं. कापड एका दुपारी चोरलं. बाकीचं मी रोज थोडं थोडं घेत गेले.

एकदा मीच म्हटलं, डोळे दाखवून घेऊ. खामगावला गेलो. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, चष्मा लावून नजर एकदम साफ आहे, कसलंच काम अडायला नको. परतीच्या एसटीत मास्तर खिडकीशी बसले होते. स्टँडवर पेरू घेतला होता, तो मोडून मोठा अर्धा मला दिला. म्हणाले, "डॉक्टर चांगला माणूस आहे. मन राखते." म्हणजे त्यांना वाटलं, डॉक्टर खोटं बोलला. बरं वाटावं म्हणून.

याहून चांगली वेळ कोणती येणार होती? गाडीत गर्दी नव्हती. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. एक वाक्य—डॉक्टर खरं बोलला, खोटी मी आहे. मी पेरू खाल्ला. गोड होता.

त्यानंतर त्यांनी हळूहळू नवं कापड घेणंच सोडलं. "सध्या काम जास्त आहे," म्हणून परत पाठवायचे. उसवलेलं शिवायचं, चेन बदलायची, पँट आत घ्यायची, उंची कमी करायची, एवढंच ठेवलं. मी म्हणायची, मी आहे ना, दोघं मिळून करू. तर म्हणायचे, "तुले काऊन फसवू लोकाच्या बोलण्यात? चुकी माही होईन अन् नाव तुह्यं जाईन." गावात म्हणतात, रेडिमेडनं मास्तरांचा धंदा खाल्ला. मास्तरही तेच सांगतात. मीही मान हलवते.

चाचा अजून समोर बसतात. ईदला शीरखुर्मा पाठवतात, आमचा फराळ त्यांच्याकडं जातो. नातू आता कॉलेजात आहे. मला मावशी म्हणतो.

या दिवाळीला वंदना आली, तिची सहा वर्षांची सावी बरोबर. सावीनं येतानाच कापड आणलं होतं, जांभळं, बारीक फुलांचं. आजोबांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, फ्रॉक शिवा. मास्तर हसून टाळत होते. वंदना म्हणाली, "बाबा, तिनं शाळेत सांगून ठेवलं, माह्या आजोबानं शिवला म्हणून. तुमच्याच हातचा पाह्यजे तिले."

मास्तर उठले. टेबलावरचं सामान बाजूला केलं, कापड पसरलं, तळव्यानं सुरकुत्या काढल्या. खडूनं रेघ ओढली. सरळ, एका दमात, जशी आधी ओढायचे. मी मधल्या दारात उभी होते. त्यांनी कात्री उचलली, कापडाच्या कडेला लावली. मनात म्हटलं, घाला. घाला ना.

कात्री तिथंच राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि सावीला जवळ घेतलं. "माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला, बेटा. पोरीचं कापड आहे, खराब होईन. आजी बेतते. आजीच्या हाताले डोळे आहेत."

त्यांनी कात्री माझ्यापुढं धरली. वंदना बघत होती, सावी बघत होती. मास्तरांच्या चेहऱ्यावर दुःख असं नव्हतंच, तिथं माझंच कौतुक होतं. आपल्या बायकोला आपण एवढं शिकवलं, याचं.

मी गेले आणि कात्री घेतली. त्यांनी ओढलेल्या रेघेवरूनच चालवली, कुठं हलवावी लागली नाही, रेघ बरोबर होती. ते शेजारी वाकून कापडाचं टोक दोन्ही हातांनी ताणून धरत होते, आणि सावीला सांगत होते, "पाह्य, आजी कशी सरळ कापते."